पडण्याचा तास

मराठीत आपण म्हणतो, 'पडलो तरी नाक वर'. कानडीत म्हणतात, 'जट्टी बिद्दरू मीसे मण्णागलिल्ल', म्हणजे मल्ल पडला खरा, पण मिशीला माती लागली नाही. आमच्या घरात दोन्ही भाषा चालतात, त्यामुळे दोन्ही म्हणी ऐकत आले. माझं माहेर शहापूरचं, मराठी. सासर बैलहोंगलकडचं, कानडी. म्हणींचा रोख मात्र दोन्हीकडे एकच. पडणं ही लाजेची गोष्ट, आणि पडलातच तर निदान कबूल तरी करू नका!

हे आलं कुस्तीतून. माझे आजोबा तरुणपणी तालमीत घुमलेले. म्हातारपणीसुद्धा सकाळी जाऊन आखाड्याच्या कडेला बसायचे. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले, तो किस्सा ते असा सांगायचे की जणू त्या दिवशी दिल्लीत तेच पंच होते. दुधाचा तांब्या घेऊन मी तालमीच्या उंबऱ्यापर्यंत जात असे. उंबऱ्याच्या आत नाही. मुलींनी लाल मातीत पाय ठेवायचा नाही, असा रिवाज होता आणि तो कुणी मोडतही नव्हतं. बाहेरून दिसायचं ते एवढंच: पाठ मातीला लागली की खेळ संपला. चीतपट. अस्मान दाखवलं. जिंकणारा शड्डू ठोकत फिरायचा आणि पडलेला मान खाली घालून हौदाच्या कडेला जायचा.

मुलींसाठी तर पडण्याला आणखी एक पदर. 'पडशील!' हा शब्द मी लहानपणी जितक्यांदा ऐकला, तितक्यांदा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. झाडावर चढू नको, पडशील. सायकल हळू, पडशील. सासरी आल्यावर तोच शब्द कानडीत भेटला, 'बीळ्ती!' आणि पुढे मुलगी झाल्यावर तो दोन्ही भाषांत माझ्याच तोंडी आला.

या सगळ्याला वेगळं वळण लागलं ते २०१८ च्या पावसाळ्यात. आमच्या अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, परसातल्या तुळशीला पाणी घालायला गेल्या आणि शेवाळलेल्या फरशीवरून पाय सरकला. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. जुलैमध्ये आमच्या परसात फरशी कमी आणि शेवाळ जास्त असतं. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, रॉड बसला, दीड महिन्यात वॉकर घेऊन त्या चालूही लागल्या. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय. पण अव्वा काही जुळल्या नाहीत. वॉकर असतानाही दुसरा हात भिंतीला. परसाचं दार त्यांनी कायमचं सोडलं. रात्री बाथरूमला जायचं तर आधी हाक, मग वाट पाहणं. ज्या बाईनं चार एकर शेत आणि तीन दिरांची कुटुंबं सांभाळली, ती बाई खोलीच्या उंबऱ्यावर पाय उचलण्याआधी दहा सेकंद थांबायची. हाडाचं दुखणं एक्स-रेमध्ये दिसतं. हे दुसरं कुठल्या यंत्रात दिसणार?

आणि खरं सांगायचं तर ती भीती एकट्या अव्वांना नव्हती. ती घरभर पसरली होती. कॉलेजच्या जिन्यावरून उतरताना मी कठडा धरू लागले. तेव्हा मी अडतीस वर्षांची होते.

त्याच ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत आपल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधव हिनं कुराश या खेळात ५२ किलो गटात कांस्यपदक मिळवलं. कुराश हा उझबेकिस्तानचा कुस्तीप्रकार. मलप्रभा मूळची ज्युदोची खेळाडू. (कणकुंबीला उगम पावणाऱ्या आपल्या नदीचं नाव जकार्तात पुकारलं गेलं, याचंही मला फार अप्रूप वाटलं होतं.) त्या पदकानंतर शहरात ज्युदोच्या वर्गांना एकदम मुलींची रीघ लागली. माझी अकरा वर्षांची लेकही त्यात. आठवड्यातून तीन संध्याकाळी तिला घेऊन जायचं, पत्र्याच्या शेडमध्ये बाकावर बसून पेपर तपासायचे आणि साडेसातला परत यायचं, असा माझा कार्यक्रम ठरला.

शिकवणारे सर धारवाडकडचे. बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि आज्ञा सगळ्या जपानी. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सुम्म कुंतु एन नोडतीरी मॅडम? बर्री!" मी म्हटलं, सर, या वयात? तर म्हणाले, "तुम्हाला लढायला कुठं सांगतोय? पडायला या."

पडायला या! माझ्या आयुष्यात असं आमंत्रण मला कुणी दिलं नव्हतं.

ज्युदोतलं पहिलं प्रकरण हे पडण्याचंच असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याला म्हणतात उकेमी. कुस्तीत पडणं म्हणजे शेवट. ज्युदोच्या स्पर्धेतही पाठीवर जोरात पडलात की 'इप्पोन', खेळ खलास. पण सरावात मात्र पडता आल्याशिवाय पुढचं काही शिकवतच नाहीत. आधी पडायचं, मग पाडायचं. माझे पहिले अडीच महिने निव्वळ पडण्यात गेले.

सुरुवात तर पाठीवर झोपूनच. झोपलेल्या माणसाला पडायला शिकवतात, याचं मला हसू आलं. पण काम तिथंच सुरू होतं. हनुवटी छातीला लावायची आणि नजर पोटावरच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. दोन्ही हात शरीरापासून थोडे दूर, तिरके, आणि पूर्ण हातानं मॅटवर थाप मारायची. नुसता तळवा नाही, कोपरापासून बोटांपर्यंत सगळा. त्या क्षणी श्वास बाहेर सोडायचा. ते जमलं की उकिडवं बसून मागे लोळायचं. मग उभं राहून. मग कुशीवर, उजव्या आणि डाव्या. आणि शेवटी पुढे झेप घेऊन खांद्यावरून तिरकं गोल फिरायचं. ते कोलांटीसारखं दिसतं, पण कोलांटी नव्हे. कोलांटी मानेवरून जाते, हे एका खांद्यापासून उलट्या बाजूच्या कमरेपर्यंत पाठीवर तिरकं जातं.

यामागचं गणित साधं आहे. पडल्यावर बसणारा मार एका बिंदूवर घेतला तर हाड मोडतं, तोच पाठ, हात, मांडी असा पसरून घेतला तर नुसता आवाज होतो. थाप मारण्यानं मार वाटला जातो आणि शिवाय हात मोकळा, सवयीप्रमाणे खाली टेकायला जात नाही. पडताना माणूस हात पुढे करतो आणि सगळं वजन मनगटावर येतं. मनगटं मोडतात ती अशी. सर दर मिनिटाला ओरडायचे, "कै इडब्याडरी! कै इडब्याडरी!" हात टेकू नका.

समजायला पाच मिनिटं लागली. शरीराला पटायला अडीच महिने! उकिडव्या स्थितीतून मागे जाणं म्हणजे फार तर दीड फूट उंची. पण तेवढ्यात माझी मान ताठ व्हायची, श्वास छातीत अडकायचा आणि डोळ्यांपुढे परसातली ती ओली फरशी यायची. शेजारी माझी लेक आणि तिच्या वयाची पोरं हसत-खिदळत धपाधप पडायची. मूल पडतं ते सैल पडतं. मोठं माणूस पडताना पडणं थांबवायचा प्रयत्न करतं, आणि त्या ओढाताणीतच लागतं. सर सांगायचे, "अंजब्याडरी. उसिरु बिडरी." घाबरू नका, श्वास सोडा. श्वास सोडला की भीती धरून ठेवता येत नाही, हे मला तिथं कळलं. दोन्ही एकदम जमतच नाही. करून बघा.

मी इतिहास शिकवते, त्यामुळे पाठ दुखत असली तरी हे कुठून आलं हे शोधल्याशिवाय राहवेना. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो हे मास्तरच होते. १८६० चा जन्म. अंगानं किरकोळ, शाळेत दांडग्या पोरांचा मार खाणारे. म्हणून जुजुत्सू शिकायला गेले आणि १८८२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तोक्योतल्या एका बौद्ध देवळातल्या बारा चटयांच्या जागेत स्वतःची शाळा काढली. तीच कोदोकान. जुन्या जुजुत्सूतले जीवघेणे डाव त्यांनी सरावातून बाजूला काढले आणि दोघांनाही उद्या पुन्हा सरावाला येता येईल अशी विद्या उभी केली. पुढे त्यांनी तोक्योच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचं प्राचार्यपद वीसहून अधिक वर्षं सांभाळलं. पडण्याला अभ्यासक्रमात पहिलं स्थान देणारा माणूस शिक्षकच असणार!

आपल्या देशाशी त्याचा धागा जुना आहे. रवींद्रनाथांनी १९२९ साली शिंझो ताकागाकी या ज्युदो शिक्षकांना शांतिनिकेतनात बोलावून घेतलं होतं. तिथं मुलीही शिकत. अमर्त्य सेन यांच्या आई अमिता सेन त्यांतल्याच एक. म्हणजे आमच्याकडच्या तालमीच्या उंबऱ्याबाहेर मी तांब्या घेऊन उभी राहायचे, त्याच्या पन्नासहून अधिक वर्षं आधी बंगालमध्ये मुली मुलांना पाठीवर घेऊन टाकत होत्या.

अर्थात जपानमध्येही बायकांसाठी सगळं सरळ नव्हतं. केइको फुकुदा नावाच्या बाईंची गोष्ट मी मुलींना वर्गातही सांगते. कानोंच्या पहिल्या गुरूंची ही नात. उंची पाच फुटांहून कमी. कानोंनी स्वतः बोलावलं म्हणून १९३५ साली शिकायला आली. लग्न केलं तर ज्युदो सोडावं लागेल म्हणून लग्न केलं नाही. पाचव्या दानला, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पाचव्या पायरीला, पोचल्यावर तिथंच वर्षानुवर्षं थांबली, कारण बायकांना त्यापुढची पायरी द्यायचीच नाही असा नियम. सहावा दान मिळाला तो १९७२ मध्ये. आणि २०११ साली अमेरिकेच्या ज्युदो संघटनेनं तिला दहावा दान दिला तेव्हा ती अठ्ठ्याण्णव वर्षांची होती. पुरुषांचा ज्युदो ऑलिंपिकमध्ये आला १९६४ ला, बायकांची पदकं सुरू झाली १९९२ ला. आपल्याकडे महिलांची महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली २०२३ मध्ये, सांगलीला, आणि ती जिंकलीही सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं. आजोबा असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. बहुतेक, 'पाठ चांगली भरलीय पोरीची' असं म्हणून डावावर बोलू लागले असते.

असो. पुन्हा शेडमध्ये येते.

तिथं माझी एक विद्यार्थिनी होती. बी.ए. च्या पहिल्या वर्षाला, तालुक्यातल्या एका गावातून बसनं यायची. वर्गात शेवटच्या बाकावर, प्रश्न विचारला की मान खाली. शेडमध्ये मात्र ती माझी सीनियर. तपकिरी पट्टा! पहिल्या दिवशी मला पांढऱ्या पट्ट्यात बघून ती इतकी गोंधळली की आधी नमस्कार केला, मग ज्युदोच्या पद्धतीनं कमरेत वाकली, मग पुन्हा नमस्कार केला. सरांनी तिलाच माझ्यासोबत लावलं. "मॅडमना तू पाड."

ज्युदोत टाकणाऱ्याला तोरी म्हणतात आणि पडणाऱ्याला उके. उके म्हणजे स्वीकारणारा. गळपट्टी आणि बाही धरून तिनं मला पहिल्यांदा कमरेवर घेतलं, ओ-गोशी म्हणतात त्या डावाला. त्याआधी हळूच विचारलं, "मॅडम, टाकू काय?" वर्गात दोन वाक्यं न बोलणारी ही मुलगी. मी हो म्हटलं आणि पुढच्या क्षणी पत्र्याचं छत बघत होते. लागलं काहीच नव्हतं, कारण माझी उजवी बाही तिनं शेवटपर्यंत सोडली नव्हती. टाकणाऱ्यानं ती बाही वर ओढून धरायची असते, म्हणजे पडणाऱ्याचं डोकं आणि खांदा अलगद राहतात. मला हे फार आवडलं. पाडायचं, पण हात सोडायचा नाही.

एरवी प्राध्यापक माणसाला कुणी कॉलरला हात घालत नाही. आमचा सगळा धंदा उभं राहून, उंचावरून बोलण्याचा. एकोणीस वर्षांच्या मुलीनं आपल्याला चटईवर आडवं करावं आणि मग हात देऊन उठवावं, याची सवय व्हायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मुलगी माझ्या तासाला समोर बसलेली. दोघीही अत्यंत गंभीर चेहऱ्यानं पेशवाईत शिरलो.

मार्च २०१९ मध्ये मोठ्या गटाची पट्ट्यांची परीक्षा होती. त्याच्या आधीच्या आठवड्यातली एक संध्याकाळ माझ्या आठवणीत आहे, आणि हा लेख खरं तर तिच्याविषयीच आहे. सर म्हणाले, आज मॅडम सगळ्यांच्या उके. गटात नऊ जण. प्रत्येकानं पाच वेळा टाकायचं. म्हणजे पंचेचाळीस वेळा पडायचं, आणि ते जाड गादीवर नाही, नेहमीच्या मॅटवर. माझा चेहरा बघून म्हणाले, "आगतद री." होतं हो.

पहिल्या दहा-बारा वेळा मी मोजत होते. प्रत्येक खेपेला समोरच्याचा चेहरा बघायचा, तो कुठला डाव घेणार याचा अंदाज करायचा, मान आवळायची, श्वास तयार ठेवायचा. पाठ तापायला लागली. पंधराव्याच्या सुमारास एका उंच मुलानं सेओइ-नागे घेतला. खांद्यावरून टाकायचा हा डाव म्हणजे आपली धोबीपछाडच म्हणा ना. त्यात पाय पूर्ण वर जातात आणि माणूस क्षणभर हवेत उलटा असतो. तो डाव मी आधी जाड गादीवरच घेतला होता. इथं पोटात गोळा आला. पण तो मुलगा माझ्याकडे आशेनं बघत होता. त्याची परीक्षा होती आणि मी आखडले असते तर त्याचा डाव बिघडला असता. उकेनं आखडून चालत नाही. पडणाऱ्यानं नीट पडलं तरच टाकणाऱ्याला टाकता येतं. मी श्वास सोडला. छत, भिंत, मॅट असं सगळं एकदा फिरलं, हाताची थाप बसली, आणि मी उठून उभी होते. तो वाकून म्हणाला, "इन्नोम्मे, मॅडम?"

त्यानंतर मोजणं कधी थांबलं ते कळलं नाही. पंचविसाव्या-तिसाव्या वेळेपासून एक वेगळीच गोष्ट जाणवायला लागली. टाकण्याच्या आधी एक छोटासा क्षण असतो. समोरचा बाही ओढतो, आपली टाच किंचित उचलली जाते, वजन बोटांवर येतं. तोल तिथंच जातो. पुढचं उचलणं, फिरवणं हे सगळं नंतरचं. याला ज्युदोत कुझुशी म्हणतात, आणि सरांनी तो शब्द आम्हाला फळ्यावर लिहून दाखवला होता. पण फळ्यावरून तो कळत नाही. एकाची ओढ सरळ असायची, एकाची वळणदार, एक मुलगी न ओढता फक्त बाजूला सरकायची आणि आपण आपोआप तिच्यावर कलायचो. नऊ जणांचे नऊ स्वभाव माझ्या टाचांना कळत होते. ज्या क्षणाला मी आयुष्यभर घाबरत आले, पाय सुटण्याचा तो क्षण, मी त्या संध्याकाळी चाळीस-पंचेचाळीस वेळा आतून पाहिला. घाबरायला त्यात इतकी थोडी जागा असते! अर्धा सेकंदही नाही.

शेवटची पाळी माझ्या विद्यार्थिनीची होती. पाचव्यांदा टाकून झाल्यावर तिनं मला उठवलं आणि आम्ही वाकलो. पत्र्यावर वळवाचे थेंब पडायला लागले होते. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. सरांनी मॅट पुसायला फडकं दिलं, कारण त्या दिवशी पुसायची पाळी माझी होती.

दोन आठवड्यांनी माझा स्वतःचा पहिला खरा डाव बसला. त्याआधी सहा महिने मी ताकदीनं ओढत होते आणि समोरचं माणूस खांबासारखं उभं राहत होतं. त्या दिवशी सरावात तिची टाच उचललेली मला बाहीतून जाणवली, मी वळले, आणि ती माझ्या कमरेवरून गेली. वजन लागलंच नाही. तिची बाही मात्र मी घट्ट धरून होते. पुढे मला पिवळा पट्टा मिळाला, नंतर नारिंगी, मग २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शेड दीड वर्ष बंद राहिली, आता हिरव्यावर आहे. काळ्याची घाई नाही. केइकोबाईंचं वेळापत्रक पाहिलं तर माझ्या हाताशी अजून अर्धं शतक आहे.

अव्वांचं राहिलं. एक सांगून ठेवते, वयस्कर माणसानं, त्यातही हाडं ठिसूळ असताना, हे पडण्याचे प्रकार घरी करायचे नाहीत, आणि वाचून तर कुणीच करायचे नाहीत. नेदरलँड्समध्ये नायमेगेन इथं वयस्करांसाठी पडण्याचं प्रशिक्षण असतं, त्यात अशाच युद्धकलेतल्या युक्त्या वापरतात, पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि गाद्यांवर. अव्वांच्या बाबतीत आम्ही पडण्याला हात घातलाच नाही. मी डॉक्टरांना विचारलं ते उठण्याविषयी. कारण त्या दिवशी परसात अव्वा अर्धा तास पडून होत्या, आणि त्यांच्या भीतीचं मूळ त्या अर्ध्या तासात आहे असं मला शेडमध्ये पडता-पडता वाटू लागलं होतं. पडण्याहून 'पडलो तर उठता येणार नाही' हे जास्त खात होतं.

डॉक्टरांनी परवानगी दिली आणि फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी येऊ लागली. जमिनीवर गादी, शेजारी जड खुर्ची. आधी कुशीवर वळायचं, मग कोपरावर यायचं, मग हात आणि गुडघे, मग रांगत खुर्चीपर्यंत, दोन्ही हात बैठकीवर, चांगला पाय पुढे आणि हळू उभं. प्रत्येक पायरीवर थांबून श्वास घ्यायचा. ती दाखवायची, मग मी करायची, मग अव्वा. पहिल्या दिवशी मी गादीवर स्वतःला सैल सोडून कुशीवर पडले, सवयीनं हाताची थाप बसली आणि सगळं घर दणाणलं. अव्वा खुर्चीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "नी यावाग जट्टी आदी?" तू कधी पैलवान झालीस? सहा महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा असं खळखळून हसताना पाहिलं. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या वडिलांची गावात गरडी मने होती, आणि लहानपणी कुणी नसताना त्या आणि त्यांची बहीण आत शिरून मातीत लोळून आल्या होत्या. घरी मार पडला तो लोळल्याबद्दल नाही, परकरला लागलेल्या लाल मातीमुळे पकडल्या गेल्या म्हणून. लग्नानंतर पन्नास वर्षांत ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

जमिनीवरून एकटीनं उठायला त्यांना अकरा आठवडे लागले. त्यानंतर रात्रीची हाक हळूहळू बंद झाली. परसातली फरशी आम्ही खरबरीत करून घेतली, तुळशीपर्यंत एक लोखंडी कठडा बसवला. हे ज्युदोपेक्षाही महत्त्वाचं, हे मान्य करायलाच हवं.

यंदाच्या जूनपासून सरांनी आमच्यासारख्या आयांसाठी शनिवारी वेगळा तास सुरू केलाय. माझी ती विद्यार्थिनी आता एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे, शनिवारी तीच येते शिकवायला. पहिल्या दिवशी आमच्या गल्लीतल्या दोघी आल्या होत्या. एकीनं फी विचारली, आकडा ऐकला आणि म्हणाली, "अगं बाई, पडायचे पैसे?" दुसरी तोवर चपला काढून मॅटवर जाऊन बसली होती.